ओरखडा पडू न देणारा माणूस

नांदेड-लातूरकडे गिटार वाजवणाऱ्यांपेक्षा गिटार जपणारे जास्त आहेत, असं म्हटलं तर तिथले गिटारचे क्लासवाले चारचौघांत रागावतील आणि खासगीत मान डोलावतील. ही गिटार घरात येते ती बहुधा दहावीच्या निकालानंतर. शब्द दिलेला असतो, टक्के पडलेले असतात, बापाचा नाइलाज असतो. दहा-बारा हजारांची वस्तू येते आणि पंधरवड्यात मुलगा लातूरच्या ट्युशन एरियात नीटच्या तयारीला रवाना होतो. पुढे तो डॉक्टर होतो, किंवा होत नाही आणि बँकेत लागतो. गिटार मात्र कपाटावरून हलत नाही. ती खाली उतरते रविवारी सकाळी, पुसायला. आधी हात धुवायचे, मग ते कोरडे करायचे, मग शर्टाच्या बटणांचा भरवसा वाटत नाही म्हणून शर्ट काढायचा. पट्ट्याचं बक्कल, घड्याळ, अंगठी, सगळं बाजूला. मांडीवर टॉवेल, टॉवेलवर गिटार, आणि बनियनवर बसलेला हा गृहस्थ तोंडानं हाऽ करून वाफ सोडतो, पुसतो, खिडकीच्या उजेडात गिटार तिरपी धरून एक डोळा मिटून पाहतो. पिकगार्डवरची कारखान्यातून आलेली प्लास्टिकची पातळ फिल्म त्यानं अजून काढलेली नसते. तिच्या कडा उचकटलेल्या असतात, खाली धुळीची काळी रेघ साठलेली असते, ती तो नखानं परत चिकटवून बसवतो. भाचा जवळ आला की पहिला प्रश्न, "हात धुतलास का?" धुतले असतील तर दुसरा, "पुसलेस का?" आणि भाच्यानं "मामा, वाजवा की एखादं," म्हटलं की उत्तर तयार असतं, "तारा जुन्या झाल्यात रे."

तारा खरंच जुन्या झालेल्या असतात. गिटारबरोबर दुकानातून आल्या त्याच असतात, काळ्या पडलेल्या, बोट फिरवलं तर गंज लागावा अशा. नवा संच काही शे रुपयांत मिळतो. अंगावरच्या पॉलिशच्या बाटलीवर त्याहून जास्त खर्च झालेला असतो. या माणसाचा सगळा उलगडा मला इथेच होतो असं वाटतं. काळजी नसलेला माणूस तारा बदलत नाही हे समजू शकतं. पण इतकी काळजी असलेला माणूस तारा का बदलत नाही? तर तारांचा गंज तीन फुटांवरून दिसत नाही, आणि ओरखडा दाराबाहेर चपला काढणाऱ्यालाही दिसतो.

ज्या चकाकीसाठी हा खटाटोप, ती आधी बघू. या किमतीच्या कारखानी गिटारवर बहुधा पॉलियुरेथेनचा किंवा पॉलिएस्टरचा थर असतो. तो जाड असतो, कडक असतो, घामाला दाद देत नाही, आणि त्याला मऊ कोरड्या फडक्यापलीकडे काही लागत नाही. डाग असेल तर फडकं जरासं ओलं करायचं, संपलं. नाजूक असतो तो नायट्रोसेल्युलोजचा लॅकर, मार्टिन-गिब्सनसारख्या अमेरिकन कंपन्या आपल्या महागड्या गिटारींवर चढवतात तो. स्टँडच्या रबरानंही तो डागाळतो, आणि गारठ्यातून एकदम उबेत आणला तर त्याला केसासारख्या बारीक चिरा पडतात. त्याहूनही हळवं असतं स्पॅनिश गिटारींवरचं फ्रेंच पॉलिश, म्हणजे आपल्याकडच्या जुन्या सुतारांचं चपड्याचं स्पिरिट पॉलिशच. पळस, बोर, कुसुम या झाडांवर पोसणाऱ्या किड्याची लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची आणि कापडी बोळ्यानं थरावर थर द्यायचे. (पळस किनवट-माहूरच्या वाटेवर हवा तेवढा, त्यावरच्या किड्याची माद्रिदपर्यंत पोच असते हे तिथल्या शेळ्यांना ठाऊक नसावं.) यावर दारूचा थेंब सांडला तरी पॉलिश उठतं. आमच्या माणसानं या तिन्ही लेपांची पथ्यं मोबाइलवर पाहिलेली असतात आणि आपल्या एकाच गिटारला तिन्ही लागू केलेली असतात. तिला जे आजार होणंच शक्य नाही, त्यांची औषधं चालू असतात. स्टँडच्या रबराला जुना रुमाल गुंडाळलेला असतो. बारीक रेघ दिसली की टूथपेस्ट, चमक कमी वाटली की कारचं पॉलिश, ज्यात बऱ्याचदा सिलिकोन असतं आणि जे एकदा बसलं की उद्या दुरुस्तीवाल्याचा नवा लेप तिथं नीट धरत नाही. फ्रेटबोर्डला लिंबाचं तेल लावतात एवढं त्यानं कुठंतरी ऐकलेलं असतं. त्या बाटलीत मुख्यतः खनिज तेल असतं, ही पुढची माहिती येईपर्यंत घरातलं लिंबू कापून झालेलं असतं.

आणि हे सगळं चालू असताना गिटारचा खरा वैरी खिडकीतून सरळ आत येत असतो. गिटार बनवणारे सांगतात की लाकडाला पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता मानवते. नांदेड-लातूरला एप्रिल-मेच्या दुपारी ती वीस टक्क्यांच्या आसपास उतरते, पारा चाळिशीच्या वर असतो, आणि श्रावणात तीच हवा ऐंशीच्या पुढं जाते. लाकूड लांबीत फारसं हलत नाही, पण रुंदीत आकसतं आणि फुगतं. उन्हाळ्यात फ्रेटबोर्ड आकसतो, धातूच्या फ्रेट आकसत नाहीत, म्हणून त्यांची टोकं कडेनं बाहेर येऊन तळव्याला बोचतात. पुढची फळी खाली बसते, तारा फ्रेटला टेकून झणझणतात. पावसाळ्यात फळीला पोट सुटतं, तारा वर जातात आणि एफ कॉर्ड धरताना बोटं रडतात. सहा पोलादी तारा मिळून साधारण सत्तर किलोचा ताण रात्रंदिवस ब्रिजवर, म्हणजे फळीवरच्या तारा अडकवायच्या पट्टीवर असतो. पत्र्याच्या खोलीत कपाटावर, छताला लागून, मे महिन्यात गोंद मऊ पडला की ब्रिज मागून उचलू लागतो. बाहेरचा लेप ओलावा अडवत नाही, त्याला फक्त उशीर करतो. शिवाय बहुतेक गिटारी आतून कोऱ्याच असतात. साउंडहोलमधून आरसा घालून पाहिलं तर आत पॉलिश नसलेलं उघडं लाकूड दिसतं. म्हणजे दाराला तीन कुलपं आणि मागची भिंतच नाही. आमचा माणूस यावर काय करतो? बुटांच्या खोक्यांतल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवून बॅगेत टाकतो, म्हणजे वाळत चाललेल्या लाकडातलं उरलंसुरलं पाणीही शोषून घेतो. आणि घरातल्या ज्या एकमेव खोलीत मे महिन्यातही हवेला थोडा ओलावा असतो, त्या कूलरच्या खोलीतून गिटार हलवतो. कारण विचारलं तर म्हणतो, पाणी लागंल. कूलरच्या तोंडासमोर ठेवू नये हे खरंच, पण त्याच खोलीच्या कोपऱ्यात ती कपाटावरच्यापेक्षा किती तरी सुखात राहिली असती.

आता कुणी म्हणेल, अहो, त्याला माहिती नाही एवढंच. यात स्वभावाचा काय संबंध? पण माहितीचा दुष्काळ या भागात मुळीच नाही. गावच्या हलगीवाल्याला विचारा. वाजवायच्या आधी तो कागद-पाचोळा पेटवून हलगी शेकून घेतो, कारण दमट हवेत कातडं सैल पडतं. पखवाजी पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतो, हवामान बघून कमी-जास्त करतो आणि भजन आटोपल्यावर खरवडून काढतो. हवा वाद्याच्या अंगात शिरते हे ज्ञान इथं पिढ्यान्‌पिढ्या आहे. ते गिटारपर्यंत पोहोचलं नाही, कारण ज्ञान वाजवणाऱ्याकडून वाजवणाऱ्याकडे जातं आणि आमचा माणूस त्या रांगेत उभाच नसतो. त्याची रांग पाहुण्यांची असते. नऊ वर्षांच्या गिटारकडे बघून पाहुणा म्हणतो, "नवीन घेतली का?" आणि त्याच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरतं, ते स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या युवक महोत्सवात पहिलं बक्षीस मिळवणाऱ्याच्याही चेहऱ्यावर नसेल. मान सरळ आहे का, असं आजवर कुठल्या पाहुण्यानं विचारलंय? खंडेनवमीला आई वाद्य म्हणून गिटारची पूजा करायला हळद-कुंकू घेऊन येते तेव्हा खरा पेच पडतो. देवाला नाही म्हणवत नाही आणि हळदीचा डाग सोसवत नाही. शेवटी बोटं बॅगेवर टेकवली जातात, आणि सरस्वतीही बहुधा बॅगेतच येऊन जाते.

याहून वजनदार आक्षेप दुसरा आहे. ज्या मुलखानं १९७२ चा दुष्काळ पाहिला, २०१२ आणि २०१५ चे कोरडे पावसाळे पाहिले, तिथं वस्तू जपणं हा दिखावा नसून शहाणपण आहे. एकदाच मिळणारी गोष्ट माणूस छातीशी धरणारच. हे मला मान्य आहे, आणि या माणसाला हसताना त्याच्या बापाच्या बारा हजारांना हसू नये हेही मान्य. पण त्याच टंचाईच्या मुलखात अखंड हरिनाम सप्ताहातली वीणा बघा. सात दिवस, दिवसरात्र ती जमिनीला टेकवत नाहीत. पहारे लागलेले असतात. एका विणेकऱ्याच्या गळ्यातून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते, रात्रीच्या पहाऱ्याला झोप आवरत एखादा म्हातारा ती धरून उभा असतो. इतकी जपलेली वस्तू गावात दुसरी नसते, आणि तिचा दांडा हातांनी घासून घासून पॉलिश गेलेला असतो. त्याबद्दल कुणी हळहळत नाही. नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात रोज कीर्तनाला बसणारी पेटी घ्या, तिचंही तेच. जपणूक आणि झीज यांचं भांडण असतं ही कल्पनाच त्या वाद्यांच्या आसपास नाही. तेव्हा टंचाईनं माणसाला जपायला शिकवलं हे खरं, पण न वाजवायला शिकवलं नाही.

तिसरा आक्षेप तांत्रिक आहे आणि तो मला सोपेपणानं झटकता येत नाही. या किमतीच्या बऱ्याच गिटारींची फळी अखंड लाकडाची नसते, प्लायवूडची असते, आणि प्लाय एप्रिलला सहसा भीक घालत नाही. मग हवेची एवढी भीती कशाला? धोका कमी आहे, कबूल. पण प्लाय असतो तो पेटीला. मान आणि फ्रेटबोर्ड प्लायचे नसतात, ब्रिजचा गोंदही कुठल्या वेगळ्या जातीचा नसतो. उरला पुनर्विक्रीचा मुद्दा, म्हणजे उद्या विकायची तर अंग चांगलं हवं. पण जाणता गिऱ्हाईक गिटार उचलतो तो आधी मानेवरून नजर लावून बघतो, मग ब्रिजच्या मागं कागदाचा कपटा सरकतो का ते. ओरखड्यासाठी तो किंमत पाडतो. उचललेल्या ब्रिजसाठी उठून जातो.

अमेरिकेतल्या विली नेल्सन या गायकाची मार्टिन एन-२० गिटार या बाबतीत पाहण्यासारखी आहे. १९६९ पासून ती त्याच्याकडे आहे. ही क्लासिकल गिटार बोटांनी वाजवायची, म्हणून तिला पिकचे ओरखडे झेलणारं पिकगार्ड नाही. हा ती पिकनं वाजवत आला, आणि फळी झिजून साउंडहोलजवळ दुसरं भोक पडलं. ऑस्टिनचा एक कारागीर ती नियमित तपासतो, आतले आधार सांभाळतो. भोक मात्र बुजवलेलं नाही. आमच्या माणसाला तिचा फोटो दाखवला तर त्याला दोन दिवस जेवण जाणार नाही. त्याहून मोठा धक्का असा की १९९० च्या दशकापासून फेंडर कंपनी नव्याकोऱ्या इलेक्ट्रिक गिटारींना कारखान्यातच ओरखडे पाडून, रंग उडवून, त्या जास्त पैशाला विकते आहे. लोक घेतातही. म्हणजे ओरखड्यालाही पाहुणेच लागतात, हे तिकडचे आणि इकडचे सारखेच. फक्त तिकडचा पाहुणा झीज बघून खूश होतो.

उपाय अगदी साधा आहे. साबणाच्या डबीला भोकं पाडायची, आत भिजवून घट्ट पिळलेला स्पंजचा तुकडा ठेवायचा, डबी उन्हाळाभर बॅगेत गिटारजवळ ठेवायची आणि पावसाळ्यात काढून घ्यायची. यावर घरातले आजोबा काय म्हणतील ते ठाऊक आहे: "माणसाला प्यायला नाही, आन हिला पाणी?" लातुरात हे वाक्य कुणी हसण्यावारी नेऊ शकत नाही. १२ एप्रिल २०१६ ला पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर, आणि आली ती नेमकी मिरजेहून. ज्या मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्या वाद्यांच्या गावाहून. तरी आजोबांना एवढंच सांगता येईल की स्पंज दोन-तीन चमचे पाणी पितो, आणि गिटारवर चालणारं रविवारचं ओलं फडकं धुवायला याहून जास्त जातं. आजोबा पटतील. नातू पटणार नाही, कारण स्पंज बॅगेच्या आत असतो आणि आतलं कुणाला दिसत नाही. त्याला पटवायचं तर काही शे रुपयांचा आर्द्रता दाखवणारा डिजिटल मीटर आणून द्यावा. मोठे आकडे, खाली हसरा किंवा रडका चेहरा. मग बघा, चेहरा रडका झाला की तो स्वतः कूलरमध्ये बादली ओतेल, गिटार कोपऱ्यात आणेल, पाहुण्यांना आकडे समजावून सांगेल, बोलता बोलता कदाचित तारासुद्धा बदलेल. फक्त मीटर लावायचा तो बैठकीच्या खोलीत, दारातून दिसेल असा. आत बॅगेत ठेवला तर श्रावणापर्यंत त्याचा सेल संपलेला असेल.