पेट्रात सोयाबीनचा भाव

जॉर्डनचा एक दिनार म्हणजे आपले शंभरावर रुपये. हे कळलं त्या घटकेपासून काकांनी रुपयांत हिशेब करणं सोडलं आणि ते सोयाबीनवर आले. अम्मानला पाण्याची बाटली घेतली, "तीन किलो गेले." हमालाला टीप दिली, "अजून तीन किलो." पेट्रा या प्राचीन शहराच्या तिकीटखिडकीवर माणशी पन्नास दिनार ऐकल्यावर मात्र त्यांनी कठड्याला हात धरला.

"दीड क्विंटल! तेबी ओलावा न कापता!"

"पाहू द्या ना बाप्पा आता," काकू म्हणाल्या. "घरी जाऊन रडजा."

तिकिटात दरवाजापासून दरीच्या तोंडापर्यंत घोड्याची फेरी फुकट असते. दीड क्विंटल दिल्यावर फुकटचं सोडायचं कशाला, म्हणून काका घोड्यावर बसले. उतरताना घोडेवाल्यानं हात पुढे केला. फेरी फुकट होती, उतरणं नव्हतं. त्यानंतर गाढववाले भेटले. "टॅक्सी! एअर कंडिशन टॅक्सी!" असं ओरडत ते मागे लागले. आम्ही भारतातले आहोत हे कळताच प्रत्येकाला शाहरुख खान आठवला आणि प्रत्येक शाहरुखमागे भाव चढला.

पेट्रात शिरायचं ते 'सिक' नावाच्या घळीतून. सव्वा किलोमीटरची वाट, दोन्ही बाजूंना गुलाबी-तांबडे कडे, काही ठिकाणी इतकी अरुंद की आभाळाची नुसती चिंधी दिसावी. ही घळ संपता संपता फटीतून एकदम चाळीसेक मीटर उंच, कड्यात कोरलेली 'खजिन्या'ची दर्शनी भिंत समोर येते. जगभरचे लोक या एका क्षणासाठी इथवर येतात. गाइडनं सगळ्यांना थांबवलं, आवाज खाली आणला, "आता बघा" म्हणाला. सगळ्यांनी श्वास रोखले. फक्त काका पाठमोरे, गुडघ्यावर हात ठेवून कड्याच्या तळाशी वाकलेले.

"काका, खजिना पाहा, खजिना!"

"थांब ना बे. आधी हा ढाळ पाहू दे."

काकांची उभी हयात जलसंधारणाच्या कामांवर गेली. सिकच्या भिंतीत पेट्रा वसवणाऱ्या नबातियन लोकांनी दोन हजार वर्षांपूर्वी पाण्याचे पाट कोरलेत. कुठे उघडी पन्हळ, कुठे मातीच्या भाजक्या नळ्या बसवलेल्या. पुराचं पाणी घळीत घुसू नये म्हणून तोंडाशी बंधारा आणि पाणी वळवायला डोंगरातून बोगदा. वाळवंटातला पाऊस तो केवढा! पण त्यावर यांनी अख्खं शहर पोसलं, वर उंटांच्या तांड्यांना पाणी पाजून धूप-मसाल्याच्या व्यापारावर पैसा केला. काकांनी पन्हळीत बोट घालून खोली मोजली, ढाळ डोळ्यांनी जोखला आणि म्हणाले, "आन् हे बिना टेंडरचं!"

खजिन्याकडे त्यांनी मग पाहिलं, पण लग्नात आहेर देताना पाहतात तसं.

खरं म्हणजे तिथं खजिना कधी नव्हताच. ते एखाद्या राजाचं थडगं असावं, असं मानतात. वरच्या दगडी कलशात सोनं आहे या आशेनं बेदुइनांनी त्यावर गोळ्या झाडल्या, त्याचे वण अजून दिसतात. कलश आतून भरीव दगड निघाला. काकू म्हणाल्या, "म्हणजे गुप्तधनाचं याड इकडंबी हाये." मला जास्त आवडला तो बुर्कहार्ट. 1812 साली हा स्विस गडी अरबी वेश करून आला आणि प्रेषित हारूनच्या कबरीवर बोकड कापायचा नवस आहे, अशी थाप मारून वाटाड्याला या घळीतून घेऊन गेला. नवस बोकडाचा, नजर भग्नावशेषांवर. असा माणूस वऱ्हाडात सहज खपला असता.

मृत समुद्र आम्ही एका दुपारी उरकला. आमचं वाशिम समुद्रसपाटीहून पाचशेवर मीटर उंच, हे पाणी सव्वाचारशेवर मीटर खाली. म्हणजे घरून निघून आम्ही जवळपास एक किलोमीटर खोल उतरलो होतो. ज्या काकांनी विहिरीत पाय कधी घातला नाही, ते पाठीवर पडून बुचासारखे तरंगत होते. तरंगता तरंगता म्हणाले, "खाऱ्या पाण्यासाठी एवढ्या दूर कायले आलो? लोणार काय वाईट होतं?" तेवढ्यात डोळ्यात थेंब गेला आणि पुढची तक्रार शुद्ध किंकाळीत झाली.

वादी रमच्या वाळवंटात रात्री तंबू. तिथं खड्ड्यात निखारे घालून, वर कोंबडी-भाज्यांची उतरंड ठेवून खड्डा वाळूनं बुजवतात. 'झर्ब' म्हणतात त्याला. काकूंनी झाकण उघडताना नीट पाहिलं आणि निकाल दिला, "गोवऱ्या असत्या तर रोडगेबी झाले असते." शाकाहाऱ्यांच्या ताटातल्या वांग्यावर मात्र त्या खूश होत्या.

जेवणानंतर बेदुइन गाइडनं चहा ओतता ओतता विचारलं, तुमच्या गावात काय आहे? आता काका सरसावले. वाशिम म्हणजे वत्सगुल्म, वाकाटकांची राजधानी! इ.स. 363 च्या भूकंपानं पेट्रा हादरलं, तेव्हा आमच्याकडे राजा गादीवर होता. त्याचा ताम्रपट सापडलाय. सर्वसेन राजानं प्राकृतात 'हरिविजय' लिहिलं. हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची लेणी बहरली. मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत भाषांतर करत होतो आणि गाइडचे डोळे मोठे होत होते.

"राजवाडा केवढा आहे?"

"राजवाडा नाही उरला."

"ते काव्य?"

"हरवलं."

"मग दाखवता काय?"

काका जरा अडखळले. पद्मतीर्थाचं नाव घेतलं, गावात एकशे आठ तीर्थं होती असं सांगितलं, बालाजीचं मंदिर सांगितलं, आणि तिकीट कुठंच नाही हेही अभिमानानं सांगितलं. गाइड बराच वेळ विचारात पडला. मग त्यानं धंद्यातला धंदेवाल्याला विचारतो तसं विचारलं, "गाढवं आहेत?"

"लय!" काका म्हणाले.

"मग अडलंय कुठं?"