रीड वाकडी

‘नाचता येईना अंगण वाकडे’ ही म्हण ज्याने केली त्याच्या आळीत सॅक्सोफोन वाजत नसणार. नाचणाऱ्याचं अंगण बहुतेक वेळा सपाटच असतं. सॅक्सोफोनवाल्याची रीड मात्र खरोखर वाकडी असते. नवी मुंबईतल्या सीवूड्ससारख्या खाडीकाठच्या वस्तीत तर ती जूनपासून दिवाळीपर्यंत सरळ राहिली तर नवल. दक्षिण फ्रान्समध्ये उन्हात वाळवलेल्या, बांबूसारख्या दिसणाऱ्या एका उंच गवताची ही पट्टी, माउथपीसवर बसवून फुंकायची. आपल्या बोरूच्या लेखणीची लांबची बहीण. टोकाशी कागदाइतकी पातळ. पाम बीच रोडपलीकडून कांदळवनाची ओल घेऊन वारा आला की त्या टोकावर लाटा उठतात, आणि एसी लावला की त्या तशाच वाळून बसतात. तेव्हा माझं म्हणणं एवढंच, की हौशी सॅक्सोफोनवाल्याची तक्रार ओठांजवळ खरी असते आणि ओठांपासून लांब जाईल तशी पातळ होत जाते. त्याचा खर्च मात्र नेमका त्याच दिशेने फुगत जातो.

दहा रीडच्या खोक्याचं गणित वाशीच्या मार्केटातून आणलेल्या आंब्याच्या पेटीसारखं असतं, वरचा थर बघून हुरळायचं नसतं. वादकांचा नेहमीचा हिशेब असा, की तीन बऱ्या, चार चालवून घ्यायच्या आणि तीन कुंडीत रोपांची नावं लिहून खोचायच्या. खोक्यावरचा 2, 2½, 3 हा आकडा कडकपणाचा. पण कापणारं यंत्र एकसारखं असलं तरी गवताला तसं कोणी बजावलेलं नसतं, त्यामुळे एकाच खोक्यातल्या दोन ‘अडीच’ नंबरांत एक मऊ भात निघतो आणि दुसरी शिळी भाकरी. ही सबब नव्हे. मिरजेचा तानपुरा आठवा. घोडीवर तारेखालचा जवारीचा दोरा केसभर सरकला की भरलेला सूर एकदम कोरडा पडतो. तिथे गवयाने दोऱ्याला दोष दिला तर आपण त्याला जाणकार म्हणतो. सॅक्सोफोनवाल्याने रीडला दिला तर कांगावखोर. हा न्याय बरा नाही. यावर ‘मग प्लास्टिकची रीड घ्या की’ असं सांगणारे भेटतात. घ्यावी. ती ओल पीत नाही, तिला बुरशी येत नाही. तिचा दोष एकच : ती काल होती तशीच आजही असते, त्यामुळे आज वाईट का वाजलं याचं उत्तर द्यायला खोलीत एकच इसम उरतो.

माउथपीसपाशी तक्रार अर्धी खरी उरते. मायर कंपनीच्या ऑल्टो सॅक्सोफोनच्या माउथपीसच्या 5 आणि 6 नंबरांत, रीडचं टोक आणि माउथपीसचं टोक यांतल्या फटीचा फरक सुमारे मिलिमीटरचा आठवा हिस्सा. तेवढ्यानेही फुंकीला लागणारा जोर बदलतो, हे कबूल. पण धातूचा माउथपीस ‘धारदार’ आणि एबोनाइटचा ‘मखमली’, हे श्रेय बरंचसं आतल्या पोकळीच्या आकाराचं असतं. धातूचे माउथपीस आतून सहसा अरुंद घडवतात आणि कौतुक धातूचं होतं. शिवाय नव्या माउथपीसचा साक्षात्कार पंधरा दिवस टिकतो. मग ओठ, जीभ आणि गळा आपल्या जुन्या सवयीने त्याला वळण लावतात आणि जुनाच आवाज नव्या किमतीत ऐकू येऊ लागतो.

आणि आता तो लाखांचा विषय. पॅरिसच्या सेल्मर कंपनीचा मार्क सिक्स हा सॅक्सोफोन 1954 साली आला आणि सुमारे वीस वर्षं बनत राहिला. त्याचे भक्त तो वाजवून बघण्याआधी उलटा करून त्यावर कोरलेला नंबर बघतात. नंबर पाच आकडी असला तर आवाज दैवी. गाडीला 0001 मिळाला की मायलेज वाढतं, तसंच हे. त्याचं पितळ महायुद्धातल्या तोफगोळ्यांच्या कवचांचं, अशीही एक दंतकथा आहे; जणू गोळा न फुटल्याची खंत त्या पितळात घुमत असावी. नळीच्या धातूबद्दल भौतिकशास्त्रज्ञ जॉन कोल्टमन यांनी 1971 साली प्रयोग प्रसिद्ध केला : चांदी, तांबं आणि लाकूड यांच्या सारख्या मापाच्या बासऱ्या पडद्याआड वाजवल्या, तेव्हा ऐकणाऱ्यांना त्या ओळखता आल्या नाहीत. बासरी म्हणजे सॅक्सोफोन नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. मग सॅक्सोफोनच घ्या. 15 मे 1953 ला टोरोंटोच्या मॅसी हॉलमध्ये जाझवादक चार्ली पार्कर चक्क प्लास्टिकच्या अंगाचा ग्राफ्टन ऑल्टो वाजवत होता, आणि त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण जाझवाले आजही पुजतात. ‘पण तो पार्कर होता!’ अहो, मी तरी दुसरं काय म्हणतोय? गंमत पुढे आहे. 1994 साली लंडनच्या लिलावात तेच प्लास्टिक नव्वद हजार पौंडांच्या वर गेलं. म्हणजे ज्या वाद्याने धातूची मिजास उतरवली, त्याचीच पुढे पोथी झाली.

मार्क सिक्सच्या चाव्या बोटांखाली सुरेख बसतात, हे मात्र नाकारणार नाही. पण तो बोटांचा आराम, त्याला सूर म्हणू नये. जुन्या वाद्यात आवाज बिघडवणारी खरी गोष्ट असते कातडी पॅडमधली गळती. पॅडखाली पातळ कागदाची पट्टी ठेवून चावी मिटावी आणि पट्टी ओढावी. सहज निसटली तर हवाही तिथूनच निसटते आहे. या दुरुस्तीला नंबर लागत नाही, म्हणून ती कोणी मिरवत नाही. मेरठच्या जली कोठीत घडलेला सॅक्सोफोन घेऊन करावे-दारावेच्या गल्लीत वरातीपुढे वाजवणाऱ्या बँडवाल्याला विचारा. तो पाना आणि रबरबँड काढून दाखवील. हिंदी सिनेसंगीतातल्या मनोहारी सिंग यांचा सॅक्सोफोन अर्ध्या देशाला गुणगुणता येतो. त्याचा नंबर विचारावा असं कुणाला वाटलेलं दिसत नाही.

शेवटचा आक्षेप, हौसेला मोल नसतं. मान्य, मग ती जुनं पितळ जमवण्याची हौस आहे असं सरळ म्हणावं, त्यात कमीपणा नाही, लोक पोस्टाची तिकिटंही जमवतात. फक्त आवाजाचा दाखला देऊ नये. कारण आवाजाची खरी परीक्षक सोसायटीत खालच्या मजल्यावर राहते, आणि त्या काकूंना पाच आकडी की सहा आकडी हे कळत नाही. खिडकी उघडी आहे की बंद, एवढंच कळतं. मग खिडकी बंद करावी लागते, बंद केली की एसी लावावा लागतो, आणि एसी लावला की रीड वाकडी.