रुसायचं तर दोघांनी मिळून

"काकू, ऐकलंत का? आमच्या स्टाफरूममध्ये पक्की बातमी आहे. हे सरकार काही वर्ष काढत नाही. पुन्हा लोकसभा लागणार!"

2024 च्या लोकसभेचा निकाल नुकताच लागला होता. कुंपणापलीकडे काकू जास्वंदीवरचा मावा फडक्यानं पुसत होत्या. मान वर न करताच म्हणाल्या, "कोण म्हणतं?"

"गणिताचे सर."

"त्यांना म्हणावं, आधी वजाबाकी करा. भाजपचे 240, आघाडी धरून 293. लागतात 272. चंद्राबाबूंचे 16 गेले तरी 277 उरतात, नितीशबाबूंचे 12 गेले तर 281. दोघंही गेले तर कुठे 265 होतात. एकट्यानं रुसून भागत नाही गं! आणि त्या दोघांचा मुहूर्त एकाच दिवशी निघायचा म्हणजे..." पुढचं त्यांनी हातानंच सांगितलं.

काकू निवृत्त मुख्याध्यापिका. 96, 98, 99 अशा तिन्ही लोकसभांना त्यांची केंद्रावर ड्युटी लागली होती. मला तर एका ड्युटीतच ताप भरला.

"मग पूर्वी एवढी सरकारं कशी पडली?"

"बाहेरून पाठिंबा! दुसरं काय? चरणसिंगांना 79 साली लोकसभेत जायलाही मिळालं नाही, काँग्रेसनं आधीच हात काढून घेतला. चंद्रशेखर का गेले? तर राजीव गांधींच्या घराबाहेर हरयाणाचे दोन पोलीस पाळत ठेवताना दिसले म्हणून. देवेगौडा, गुजराल, सगळे त्याच पाठिंब्यावर. लग्नघरात भटारखान्याची किल्ली ज्याच्या कमरेला असते, तो नाही रुसून जात. नुसत्या अक्षता टाकायला आलेला असतो ना, तो मिठावरून पंगतीतून उठतो. आत्ताच्या दोघांकडे किल्ल्या आहेत. विमान खातं चंद्राबाबूंच्या तेलुगू देसमकडे आहे की नाही?"

"पण काकू, वाजपेयींच्या सरकारात जयललितांचे मंत्री होतेच की!"

काकूंचा हात थांबला. "हं. आहेस खरी हुशार. होते. पण बघ, आधी मंत्र्यांचे राजीनामे आले आणि आठवडाभरानं पाठिंबा गेला. चंद्राबाबूंनीही 2018 ला तेच केलं. मार्चमध्ये आधी मंत्री बाहेर, मग पक्ष बाहेर. तेव्हा भाजपचं स्वतःचं बहुमत होतं, म्हणून सरकारला ओरखडाही उठला नाही. पेपरात पहिल्या पानावरची नाराजी वाचूच नकोस तू. राजीनामा दिसला तरच मला हाक मार."

"आणि वाजपेयींचं सरकार एका मतानं पडलं, ते?"

"269 विरुद्ध 270! काँग्रेसचे गमांग ओडिशाचे मुख्यमंत्री होऊन बसले होते, पण खासदारकी सोडली नव्हती. आले, मत दिलं, गेले. त्या एका मतापायी सप्टेंबरात आमची वरात निघाली. त्यात आपल्याकडे शिवसेना-भाजप युतीला हुक्की आली, सहा महिने आधीच विधानसभा लावून घेतली, दोन्ही एकाच दिवशी. मतपत्रिकाही दोन. आधी उभी घडी घालून द्यायची, नाहीतर शिक्क्याची शाई शेजारच्या चिन्हाला लागते आणि मत बाद. म्हाताऱ्या बायका हटकून आडवी घालायच्या. रात्री पेट्यांना लाख लावून सील करताना माझं बोट भाजलं. आणि युतीला मिळालं काय? सत्ता गेली!"

हे सांगताना काकूंना फारच बरं वाटलं असावं, असा मला संशय आहे.

"तरी बहुमत नाही म्हटलं की धाकधूक होतेच ना?"

"नरसिंह रावांना तरी कुठे होतं? 93 साली अविश्वास ठराव आला, तेव्हा 14 मतांनी तरले. कसे तरले ते पुढे कोर्टात गेलं, तो भाग वेगळा. पण पाच वर्षं पुरी केली. अगं, निवडून आलेल्या माणसाला लगेच पुन्हा मतं मागत दारोदार फिरायला कोण सांगणार? खर्च का थोडा आला असेल? सरकार पाडायची भाषा सगळे करतात, पण निवडणूक त्यातल्या निम्म्यांनाही नको असते."

"मग मे महिन्यातलं हिमाचलचं बुकिंग करू?"

"खुशाल कर. दिवाळीचं मात्र काही ठरवू नकोस. आपल्या विधानसभेची मुदत यंदा नोव्हेंबरात संपते, ती कुणाच्या रुसण्यावर नाही. ड्युटीचं पत्र आलं की आधी केंद्र कुठलं ते बघ, आणि तिथे बायकांसाठी संडास आहे का ते तहसीलला फोन करून विचार. लाजू नकोस."