ओंडका गळाला लावण्याची शास्त्रोक्त पद्धत

सॅमन कसा पकडावा, यावर ग्रंथ उदंड झाले. ओंडका कसा पकडावा, हे मात्र कोणी धड सांगत नाही. वास्तविक कॅनडात, फ्रेझर नदीच्या मुखाकडच्या पट्ट्यात, नवशिक्या गरवणाऱ्याला हमखास लागतो तो ओंडकाच.

प्रथम जागा. साखळ्यांनी जखडलेल्या ओंडक्यांचे भलेमोठे तराफे काठाला बांधलेले दिसतील. यांना लॉग बूम म्हणतात. सॉमिलचा नंबर लागेपर्यंत लाकूड इथे ठेवतात, कारण ते पोखरणारा समुद्री शिपवर्म गोड्या पाण्यात तग धरत नाही. तराफ्याखाली सावली, कडेला मंद पाणी. समुद्रातून चढून आलेला सॅमन दम खायला थांबतो तोही इथेच. म्हणजे मासा आणि लाकूड यांत अंतर हातभर, आणि दोघांपैकी हलत नाही तो एकच.

हंगामाचे म्हणाल तर पिंक सॅमन या नदीत विषम सालीच झुंडीने येतो, साधारण सप्टेंबरच्या आगेमागे. सम साली रजा काढलेल्यांनी खचू नये. ओंडका दरसाल असतो.

परवाना घ्यावा. मिशन गावच्या रेल्वे पुलाच्या खालच्या अंगाला केंद्र सरकारचा चालतो, वरच्या अंगाला प्रांताचा लागतो. मासा दोन्हींशिवाय पूल ओलांडतो. शिवाय सॅमनसाठी गळाचा उलटा काटा पक्कडीने चेपून टाकणे सक्तीचे आहे. त्यामुळे तंगूस जरा सैल पडली की मासा निसटतो, लाकूड मात्र काट्याविनाही सोडत नाही. कायदा कोणाच्या बाजूचा आहे, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

आता आमिष. हे प्रकरण नाजूक आहे. नदीत शिरलेला सॅमन खाणेच सोडतो. अंगातल्या चरबीवर प्रवास करून, अंडी घालून मरायचे एवढाच त्याचा बेत असतो. निर्जळी एकादशीवाल्यापुढे वडापाव नाचवावा, तसा आपण त्याच्यापुढे जिग, म्हणजे खोटे आमिष, नाचवायचा. पिंकसाठी जिग गुलाबीच हवा, यावर इथल्या जुन्या मंडळींचे एकमत आहे. चावलाच तर मासा बहुधा वैतागून चावतो.

सॉकआय जातीचा सॅमन तेवढाही वैतागत नाही. त्याच्यासाठी लांब तंगूस लावून शिसे तळाशी ठेचकाळत नेतात. तंगूस त्याच्या उघड्या तोंडातून सरकते आणि गळ बाहेरून जबड्यात रुततो. याला फ्लॉसिंग म्हणतात. माशाने काहीही खाल्लेले नसते, तरी ‘चावला!’ असे ओरडण्याचा रिवाज आहे. मला हा प्रकार मासेमारीपेक्षा खिसेकापूपणाच्या जवळचा वाटतो. पण गळ पाठीत वा शेपटीत रुतला तर मासा सोडावाच लागतो, तोंडात रुतला तर अब्रू वाचते.

ओंडका लागल्याची लक्षणे: काठी वाकते, रीळ किंचाळते, पलीकडून डोके झटकल्याचे मात्र जाणवत नाही. अशा वेळी ‘चिनूक असणार’ असे गंभीरपणे म्हणावे. चिनूक जातीचा सॅमन वीस किलोंच्याही वर जातो, त्यामुळे शेजारी जाळे घेऊन धावत येतात. त्यांना शक्य तितका वेळ तिष्ठत ठेवावे.

गळ सोडवायला तराफ्यावर चढू नये. हे तेवढे थट्टेत घेऊ नका. ओल्या साली निसरड्या असतात, ओंडका पायाखाली गोल फिरतो, आणि फटीतून खाली गेलेल्याला वर येताना फट सापडेलच असे नाही. तराफ्यावर पडून राहण्याचा हक्क सीलचा. तो बिनपरवाना, बिनजिगाचा पट्टीचा मासेमार. तुम्ही ओढत आणलेला सॅमन ऐन काठाशी काढून नेण्यात त्याचा हातखंडा आहे.

शेवटी तंगूस कापावी. यथावकाश टगबोट येते आणि तराफा सॉमिलकडे ओढून नेते, त्यात रुतलेल्या तुमच्या जिगासकट. लाकडात धातू निघाला की करवतवाले भडकतात, म्हणून जिगावर स्वतःचे नाव कोरण्याची हौस टाळावी.