वाटाड्या-यंत्राची नेमणूक व निगराणी

न्हावाशेवा बंदरातून माल भरून बंगळूरच्या दिशेने निघणाऱ्या मालट्रकचालकास पूर्वी वाटाड्या मुद्दाम नेमावा लागत नसे. शेजारी किन्नर असे, पळस्पे फाट्यावर चहावाला असे, आणि खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाचे देऊळ असे. साहेबाच्या इंजिनेरांना घाटाची वाट दाखवणारा आणि त्या उपकाराबद्दल प्राणास मुकलेला धनगर, अशी या शिंग्रोबाची आख्यायिका असून, मार्गदर्शनाच्या खात्यातील सेवाशर्ती प्रारंभापासूनच कशा होत्या हे तीवरून ध्यानी यावे. हल्ली ही जागा जीपीएस नामक उमेदवाराने पटकावली असल्यामुळे, त्याची निवड व वागणूक यांविषयी काही नियम घालून देणे अगत्याचे झाले आहे.

उमेदवाराचे कुलशील उत्तम आहे. सुमारे 20,000 किलोमीटर उंचीवरून पृथ्वीप्रदक्षिणा करणाऱ्या उपग्रहांपैकी किमान चारांची साक्ष काढल्यावाचून तो आपले स्थान सांगत नाही. इतक्या साक्षी आमच्या दिवाणी न्यायालयातही सहसा मिळत नाहीत. अमेरिकी सरकार नागरी उपयोगाच्या संकेतांत पूर्वी हेतुपुरस्सर अशुद्धता मिसळीत असे. ती वहिवाट मे 2000 मध्ये बंद झाली, तेव्हा त्यानंतरच्या चुकांचे श्रेय अन्य कोणास देण्याची सोय उरलेली नाही.

मुलाखतीत त्यास प्रथम एवढेच विचारावे की, बाबा रे, मी काय हाकतो आहे? युरोप-अमेरिकेत मालट्रकांसाठी खास यंत्रे विकली जातात, त्यांत गाडीची उंची, वजन, आसांची संख्या आणि माल ज्वालाग्राही आहे की काय, हे सारे नमूद करता येते, आणि मग ते यंत्र ठेंगण्या पुलाखालून जाण्याचा सल्ला देण्यापूर्वी विचार करते. आपल्याकडे बहुतेकांच्या पदरी पडतो तो फोनातील सर्वसाधारण नकाशा, ज्याच्या दृष्टीने सकल मानवजात छोट्या मोटारीत बसून सासुरवाडीस निघालेली असते. ताडपत्रीसह चार मीटरांच्या घरात जाणारी बारा चाकी गाडी घेऊन आपण रेल्वेच्या भुयारी मार्गाशी पोहोचावे, समोर लोखंडी कमान आडवी उभी असावी, मागे दुचाक्यांचा समुदाय जमलेला असावा, आणि यंत्राने अत्यंत मृदू स्वरात ‘सरळ जा’ म्हणावे, हा योग टाळावयाचा असेल तर मुख्य रस्ता सोडावयास सांगणारा प्रत्येक सल्ला आधी संशयित म्हणून नोंदवावा व नंतर टपरीवर त्याची चौकशी करावी.

घाटांच्या बाबतीत उमेदवाराचे अज्ञान विशेष निरागस आहे. भोरहून महाडास जावयाचे म्हटल्यास तो वरंधा घाटाकडे बोट दाखवील, आणि अंतराच्या हिशेबात त्याचे चुकतही नाही. परंतु पावसाळ्यात अवजड वाहनांस तो घाट बहुधा जिल्हाधिकाऱ्यांच्या हुकुमाने बंद असतो, आणि तो हुकूम उपग्रहांच्या दप्तरी वेळेवर दाखल होतोच असे नाही. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडून नवले पुलाकडे येणारा उतार तर त्याच्या पडद्यावर निव्वळ एक सरळ निळी रेघ असतो. त्या रेघेवर विसंबून, डिझेल वाचवण्याच्या सद्हेतूने गाडी न्यूट्रल करून सोडणाऱ्यांच्या अपघातांच्या बातम्या वृत्तपत्रे नियमाने छापीत आली आहेत. उतार खालच्या गिअरमध्ये, इंजिनाच्या अटकावावर उतरावयाचा असतो, हे सांगण्याचा अधिकार अद्याप गाडी शिकवणाऱ्या उस्तादाकडेच आहे, आणि माझ्या मते तो त्याच्याकडून काढून घेऊ नये.

बोगद्यात यंत्र मौन धारण करते. त्यास विचारमग्नता समजून त्रास देऊ नये. आपण उड्डाणपुलावर आहोत की त्याखालच्या सेवारस्त्यावर, हेही त्यास अनेकदा उमगत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही ठिकाणे एकाच बिंदूवर असतात. अशा वेळी खिडकीतून बाहेर पाहावे.

पोहोचण्याची वेळ हा त्याचा ललित वाङ्मयाचा प्रांत होय. समृद्धी महामार्गावर मोटारीस ताशी 120 आणि मालट्रकास 80 किलोमीटरांची मर्यादा आहे, हा भेद त्याच्या काव्यात येत नाही. चढावर लादलेली गाडी पायी चालणाऱ्याच्या संगतीने जाते, हेही नाही. सरकारने मात्र ई-वे बिलाच्या मुदतीसाठी साधारण मालास दर 200 किलोमीटरांमागे एक दिवस धरला आहे, म्हणजे बंगळूरच्या सुमारे 1,000 किलोमीटरांस पाच दिवस. यंत्रापेक्षा सरकार व्यवहारी निघावे, असा प्रसंग इतिहासात क्वचितच येतो.

येथवर एका यंत्राचा विचार झाला. वस्तुतः गाडीत यंत्रे दोन असतात. एक चालकास कोठे जावे हे सांगते, दुसरे मालकास चालक कोठे आहे हे सांगते, आणि अचूकतेत दुसरे नेहमीच सरस भरते. निपाणीपुढे ढाब्यावर पाठ टेकताच फोन वाजतो व ‘गाडी उभी का?’ अशी पृच्छा होते. त्या यंत्राची तार सैल करण्याची विद्या काही ज्येष्ठांस अवगत आहे. पण तार सुटल्याची वर्दीदेखील मालकास जाते, म्हणून त्या विद्येचा अवलंब करू नये. फोन आला असता ‘टायरची हवा पाहतोय मालक’ हे उत्तर द्यावे आणि झोपण्यापूर्वी खरोखरच पाहावी.

अखेर बंगळूरच्या वेशीबाहेर गोदामाच्या मागल्या भिंतीशी यंत्र आपण मुक्कामी पोहोचल्याचे जाहीर करील. फाटक पलीकडच्या बाजूस असते. तेथील पहारेकरी माल उद्या उतरेल म्हणून सांगतो, उद्याचा परवा होतो, आणि हॉल्टिंगचे पैसे मागण्याची वेळ येते. अशा वेळी दुसऱ्या यंत्राची नोंद पुरावा म्हणून पुढे करावी. ढाब्यावरील वीस मिनिटांचा मिनिटवार हिशेब ठेवणाऱ्या मालकास ती फाटकासमोरील दोन दिवसांपुरती संदिग्ध वाटू लागते, आणि हुंडेकऱ्याशी बोलून कळवतो, असा जबाब मिळतो.