सूर्यास्ताचे कारभारी

पुण्याच्या पर्वतीवर, म्हणजे नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली जिच्यावर देवदेवेश्वराचे देऊळ उभारले त्या टेकडीवर, सायंकाळी सूर्यास्त पाहायला येणाऱ्यांत दोन वर्ग स्पष्ट दिसतात: एक नुसता पाहणाऱ्यांचा आणि दुसरा तो घडवून आणणाऱ्यांचा. दुसऱ्या वर्गातील व्यक्तीला येथे ‘सूर्यास्ताचा कारभारी’ म्हटले आहे. तो बहुधा सेवानिवृत्त असतो, नोव्हेंबर लागताच कानटोपी चढवतो, आणि १०३ पायऱ्या चढताना मध्ये दोनदा थांबतो, ते मात्र दम लागल्यामुळे नव्हे तर शहराचे कुठवर वाटोळे झाले आहे याची पाहणी करण्यासाठी, असे तो न विचारता सांगतो.

पश्चिमेच्या कठड्याशी त्याची जागा ठरलेली असते. तेथे कोणी तरुण जोडपे आधीच बसलेले असल्यास तो त्यांना उठवत नाही. केवळ त्यांच्या शेजारी उभा राहून पानशेतचा पूर, १९६१ सालचा, इतक्या तपशिलाने सांगू लागतो की जागा आपोआप मोकळी होते. मग तो मनगटावरचे एचएमटीचे घड्याळ डोळ्यांजवळ नेतो, काचेवर अंगठा फिरवतो आणि सकाळच्या वर्तमानपत्रात छापलेली सूर्यास्ताची वेळ मोठ्याने जाहीर करतो. ती वेळ सपाट, निर्वेध क्षितिज गृहीत धरून काढलेली असते, तर पुण्याच्या पश्चिमेला सह्याद्रीच्या रांगा आडव्या असल्यामुळे सूर्य काही मिनिटे आधीच डोंगराआड होतो. कारभाऱ्याचा निष्कर्ष मात्र असा की वर्तमानपत्रांत हल्ली कोणी काही तपासत नाही.

त्याच्या भूगोलाचा मुख्य सिद्धान्त म्हणजे सूर्य सिंहगडामागे मावळतो. वास्तविक पर्वतीवरून सिंहगड नैऋत्येच्याही अलीकडे, दक्षिणेकडे झुकलेला दिसतो आणि पुण्याच्या अक्षांशावर सूर्य अगदी डिसेंबरातही पश्चिमेपासून सुमारे २५ अंशांपलीकडे दक्षिणेला मावळत नाही. म्हणजे गडामागे जायचे तर त्याला आणखी तितकेच अंतर जाऊन वर थोडे पुढे सरकावे लागेल. हे डोळ्यांसमोर दिसत असूनही कारभारी काठीने सिंहगड दाखवतो, पाहुणे गडाकडे पाहत राहतात आणि सूर्य त्यांच्या उजव्या हाताला निमूटपणे मावळून जातो.

बिंबाची खालची कड डोंगराला टेकल्यापासून वरची कड दिसेनाशी होईपर्यंत येथे साधारण सव्वादोन ते अडीच मिनिटे लागतात. एवढ्या वेळात शांत राहणे कारभाऱ्याला अशक्य असते. ‘बघा, बघा, आता टेकला,’ ‘अहो, मोबाईल खाली ठेवा, डोळ्यांनी बघा,’ अशा सूचना करीत तो बिंबाला शेवटपर्यंत पोचवतो आणि ‘गेला!’ असे म्हणून घड्याळ पाहतो. एखादा महाविद्यालयीन मुलगा अशा वेळी वक्रीभवनाचा विषय काढतो. हवेचे थर प्रकाशाला वाकवतात आणि त्यामुळे क्षितिजावरचे बिंब सुमारे अर्धा अंश वर उचललेले दिसते. सपाट क्षितिजावर ते टेकलेले भासते तेव्हा सूर्य प्रत्यक्षात क्षितिजाखाली गेलेला असतो, असे तो समजावतो. ‘मग इतका वेळ आपण पाहत होतो तो कोण रे बाळा?’ या प्रश्नाला मुलाजवळ उत्तर असते, पण ते ऐकायला कारभारी थांबत नाही.

इतिहासाचा आधार त्याला लागतोच. दुसऱ्या बाजीरावाने ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई याच टेकडीवरून पाहिली, असे सांगतात. तेव्हा जिच्यावर आपले काही चालत नाही अशी घटना उंचावरून पाहून वर तिच्यावर अभिप्राय देण्याची परंपरा येथे जुनीच म्हटली पाहिजे. पावसाळ्यात ढगांमुळे सूर्य दिसतच नाही, तरी कारभारी छत्री घेऊन येतो, वेळ जाहीर करतो आणि ‘गेला’ म्हणतो, आणि त्याच्यावर कोणी आक्षेप घेत नाही.

वेताळ टेकडी पर्वतीपेक्षा बरीच उंच आहे, तेथून पश्चिम अधिक मोकळी दिसते आणि तेथेही मावळतो तो हाच सूर्य, हे त्याला मान्य असते. ‘पण तिथे काय,’ तो पायऱ्या उतरता उतरता म्हणतो, ‘नुसता मावळतो.’