लाल कार्डाचं पुराण

"अनघा, कपडे वाळत घाल नंतर. आधी इकडे ये! काल आमच्याकडचा आरडाओरडा ऐकलास ना?"

"काकू, मला वाटलं काका पडले की काय!"

"पडतायत कसले! टीव्हीवर कुणाला तरी लाल कार्ड मिळालं. ते दिसलं की ह्यांचं फॅरेलपुराण सुरू."

"कोण फॅरेल?"

"अगं, ओवेन फॅरेल, इंग्लंडच्या रग्बी संघाचा तेव्हाचा कप्तान. 2023 चा ऑगस्ट, आपल्या ह्या ट्विकेनहॅमलाच वेल्सशी सामना. त्याने वेल्सच्या बॅशमच्या डोक्यावर खांदा हाणला. पंचांनी पिवळं दिलं. मग बंकरवाले, म्हणजे मैदानाबाहेरचे पंच, बसले रिप्ले बघत, त्यांना आठ मिनिटं असतात, आणि पिवळ्याचं लाल झालं."

"मग मिटलं की."

"कुठलं! तीन दिवसांनी शिस्त समितीने ते लालच रद्द केलं. म्हणे, फॅरेलच्या संघसहकाऱ्यामुळे बॅशमची दिशा ऐनवेळी बदलली. त्याच सुमारास टोंगाच्या मोआलाला मात्र 10 आठवड्यांची बंदी, अर्धी करून 5."

"टोंगा पडला लहान देश..."

"लोक तेच बोलले. खरं तर मोआलाने समोरच्याला उचलून आदळलं होतं, गुन्हाच वेगळा. पण ते कोण बघतंय? मग वर्ल्ड रग्बीनेच अपील केलं. फॅरेलने हाताने विळखा घालायचा प्रयत्नच केला नव्हता, आणि पहिल्या समितीने नेमकं तेच विचारात घेतलं नव्हतं! झाली 4 सामन्यांची बंदी."

"अगंबाई! मुख्य मुद्दाच सुटला?"

"आणि ऐक. त्याच वर्षी जानेवारीत त्याला बंदी झाली होती, तेव्हा नीट टॅकल शिकायच्या वर्गाला बसला म्हणून एक सामना माफ!"

"शिकला काय मग?"

"ते त्यालाच विचार. पुढे वर्ल्ड कपला इंग्लंडच्या टॉम करीची अर्जेंटिनाच्या खेळाडूशी डोक्याला डोकं लागून टक्कर झाली. तिसऱ्या मिनिटाला पिवळं, मग लाल. दुसऱ्याच दिवशी दक्षिण आफ्रिकेच्या क्रिएलने स्कॉटलंडच्या डेम्प्सीला तशीच धडक दिली, तर कार्ड नाही, काही नाही. नंतर चौकशीलाही बोलावलं नाही. तिथे माझंसुद्धा डोकं फिरलं."

"क्रिएल सुटलाच म्हणायचा."

"फायनलला त्याच क्रिएलला न्यूझीलंडच्या सॅम केनची धडक बसली. केनला लाल. पुरुषांच्या फायनलमधलं पहिलंच! दक्षिण आफ्रिकेच्या कोलिसीचं मात्र पिवळंच राहिलं. जोर कमी होता म्हणाले, मला पटलं. पण हे काकांसमोर काढू नकोस हं, ते न्यूझीलंडवाले."